गोठ्यातली राजदूत पुन्हा दारात

मैत्रिणींनो, मोटारसायकल हा काही आपला विषय नव्हे, असं काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही म्हणत होते. गाडी पुसायची ती यांनी, मिस्त्रीकडे न्यायची ती यांनी, आणि रस्त्यात बंद पडली तर वैतागायचंही यांनीच. आपण मागं बसायचं, पदर चाकात जाणार नाही एवढं बघायचं, झालं! पण आमच्या घरच्या एका जुन्या गाडीनं मला चांगलीच शिकवणी दिली. तिची फी सासूबाईंच्या मनगटानं भरली. ती हकीकत पुढं सांगतेच. कारण अशी एखादी जुनी गाडी तुमच्याही घरी असेल, अडगळीत किंवा दारात, आणि तिचं काय करावं हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल.

आमची गाडी म्हणजे राजदूत. सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव, घरी कोरडवाहू सोयाबीन, थोडी हळद आणि दोन म्हशी. सासऱ्यांना आम्ही सारे आबा म्हणायचो. आबांनी ही गाडी १९९१ साली घेतली. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, आम्ही परभणीचे. हिंगोली वेगळी झाली १ मे १९९९ ला. म्हणून गाडीच्या पाटीवर अजून परभणीचाच एम.एच. २२ हा क्रमांक आहे. जिल्हा बदलला, गाडी आपली तीच!

दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅटल्या अडकवून आबा पहाटे हिंगोलीला निघायचे. हळदीचा नमुना बाजारात न्यायचा तर हीच गाडी, एकादशीला नर्सी नामदेवला जायचं तर हीच, महाशिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं तर पुढं नातू, मागं सासूबाई. मला बघायला आबा आले तेसुद्धा याच गाडीवर. आवाज ऐकूनच आमच्या आळीतली पोरं ‘राजदूत आली, राजदूत आली’ म्हणून ओरडत सुटली होती, आणि आत पोह्यांना फोडणी देताना माझा हात थरथरत होता.

ही गाडी आली कुठून?

आपल्या खेड्यापाड्यांतली ही गाडी मूळची पोलंड देशातली, हे ऐकून मला नवल वाटलं होतं. पोलंडमधल्या किएल्से या गावी एस.एच.एल. नावाचा कारखाना होता. त्यांच्या एम-११ या मोटारसायकलीवरून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत राजदूत बनवायला घेतली. ट्रॅक्टरवाली एस्कॉर्ट्स ती हीच. इंजिन १७३ सी.सी.चं, पण सगळे म्हणायचे ‘एकशे पंच्याहत्तर’. वेग फार नाही, पण ओझं ओढायला दणकट, आणि कच्च्या रस्त्याला न घाबरणारी. म्हणून ती दूधवाल्यांची आणि शेतकऱ्यांची लाडकी झाली. १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमात ऋषी कपूर आणि डिंपल ज्या छोट्या गाडीवर बसून जातात ती राजदूतचीच. पुढं तिला लोक ‘बॉबी’च म्हणू लागले.

मग १९८५ साल आलं. जपानी कंपन्यांशी करार करून बनवलेल्या शंभर सी.सी.च्या हलक्या गाड्या बाजारात आल्या. कमी पेट्रोल पिणारी हीरो होंडा आली, आणि यामाहाची आर.एक्स. १०० तर एस्कॉर्ट्सच्याच घरी बनली. त्यानंतर धुरावरचे सरकारी नियम १९९६ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये कडक झाले, आणि धूर सोडणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे दिवस सरले. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. नव्या कंपनीनं ते नाव २०२२ मध्ये परत आणलं, पण गाडी निराळी. राजदूतही बंद झाली. शोरूममध्ये जाऊन नवी राजदूत घ्यायचे दिवस संपले. आता राहिल्या त्या घराघरांतल्या जुन्या. त्यांचं काय करायचं ते घरच्यांनीच ठरवायचं.

भंगारवाला दारात

आबा २०१८ च्या हिवाळ्यात गेले. गाडी गोठ्यात गेली. वर रिकामी पोती पडली, सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. यांच्याकडं नव्या जमान्याची बटणावर सुरू होणारी गाडी होतीच. राजदूतला किक मारायला वेळ कुणाला?

दुसऱ्या वर्षी मला अकरा किलोमीटरवरच्या एका शाळेत मराठीचे अर्धवेळ तास मिळाले. बी.ए. होऊन घरी बसले होते, म्हणून मला कोण आनंद! पण एस.टी.ची वेळ आणि शाळेची वेळ काही जमेना. सकाळी मी यांची गाडी नेली तर शेतात आणि दूध घालायला यांनी जायचं कशानं? जुनी स्कूटी बघितली तर पस्तीस हजार. भिशीचे माझ्याकडं अठरा.

त्याच आठवड्यात भंगारवाला आला. राजदूतचे साडेतीन हजार देतो म्हणाला. हे ‘हो’ म्हणायच्या बेतात होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठून गोठ्यात गेल्या आणि पदरानं टाकीवरची धूळ पुसू लागल्या. मी यांना म्हटलं, “साडेतीन हजारांनी आपलं काय व्हायचंय? आधी मिस्त्रीला तरी दाखवा. ही चालू झाली तर ही तुम्ही शेताला न्या आणि तुमची मला द्या.”

आता खरं सांगते, त्यात आबांची आठवण अर्धी होती आणि माझी शाळा अर्धी.

चाचांच्या दुकानात

हिंगोलीत एक वयस्क मिस्त्री आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात. जन्मभर राजदूत, येझदी आणि चेतकच उघडल्या-जोडल्या त्यांनी. गाडी टेम्पोत घालून नेली. मीही गेले, कारण पैसे माझ्या भिशीचे होते! चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, “बाई, हिला चालवायची का नुसती पुसून दारात ठेवायची? ते आधी सांगा. दोन्हीचा खर्च वेगळा.”

हा प्रश्न पहिला विचारायचा असतो, हे मी तिथं शिकले. शोभेसाठी ठेवायची तर रंग, क्रोम, अस्सल सुटे भाग यांवर पैसे जातात. रोज चालवायची तर इंजिन, ब्रेक, टायर आणि वायरिंगवर. आम्ही म्हटलं, चालवायची.

आमचा त्या वेळचा हिशेब माझ्या वहीत आहे. बोअर आणि पिस्टन २,८००, क्रँकचं काम १,९००, क्लचप्लेटा ६५०, केबली ३५०, दोन टायर-ट्यूब २,९००, ब्रेक लायनर ४००, वायरिंग आणि बारा व्होल्टचं सामान ३,५००, सीटचं कव्हर ५००, मजुरी ३,५००. एकूण १६,५००. रंगाला हात लावला नाही. टाकीवर आबांच्या गुडघ्यांनी घासून रंग गेलाय, तो तसाच आहे.

राजदूत दारात आली, हे तिच्यावरून शेताला जाऊ लागले आणि मी बटणाच्या गाडीवरून शाळेला. गावानं चार दिवस बघितलं, मग सोडून दिलं.

माझी चूक

आता ती मनगटाची गोष्ट.

राजदूत टू-स्ट्रोक आहे. म्हणजे काय ते आधी सांगते. हल्लीच्या गाड्यांत इंजिनाचं तेल खाली साठवलेलं असतं, तेच फिरून फिरून वंगण देतं. राजदूतसारख्या गाडीत तशी सोय नाही. पेट्रोलमध्ये जे टू-टी ऑइल आपण मिसळतो, तेवढंच तेल पिस्टनला मिळतं आणि तेही जळून जातं. तेल विसरलं की पिस्टन कोरडा, कोरडा पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये घट्ट बसतो. चाक चालता चालता जाम होतं. मिस्त्री याला ‘इंजिन सीझ झालं’ म्हणतात. टू-स्ट्रोक चेतक, एम-८० आणि आपल्या बायकांची लाडकी लूना, सगळ्यांचा धर्म हाच.

२०२२ चा श्रावण. सासूबाईंना साखरेच्या तपासणीसाठी हिंगोलीला न्यायचं होतं. त्या वेळी आम्ही घरात पेट्रोलचे दोन कॅन ठेवत होतो, एक साध्या पेट्रोलचा आणि एक तेल मिसळलेला. दोन्ही पांढरे. आदल्या संध्याकाळी दिवेलागणीच्या घाईत राजदूतच्या टाकीत पेट्रोल मी ओतलं. कुठल्या कॅनमधलं ते बघितलं नाही.

सहा-सात किलोमीटर गेल्यावर इंजिनाचा आवाज आवळला, मागचं चाक जाम झालं, गाडी घसरली आणि दोघं रस्त्याकडेच्या मुरमावर पडले. यांना खरचटलं. सासूबाईंचं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

घरी जो तो गाडीला बोल लावू लागला. “जुनं ते जुनंच, विकून टाका,” असं दीर म्हणाले. हेही म्हणाले. मला मनातून कळलं होतं, पण मी दोन दिवस गप्प राहिले. गाडीवर आळ येत होता आणि मी तो येऊ दिला. तिसऱ्या दिवशी चाचांनी इंजिन उघडलं, पिस्टनवरचे ओरखडे दाखवले आणि म्हणाले, “गाडीची चूक नाही. हिला तेलच मिळालं नाही.” मग घरी येऊन सासूबाईंपुढं बसले आणि सारं सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ प्लॅस्टरकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, “अगं, दुधाला विरजण लावलं का न्हाई ते आपण झाकण काढून बघताव. मंग ह्याला काऊन न्हाई बघितलं?”

याला काय उत्तर देणार? गाडी नीट करून आणायची, असं त्यांनीच ठरवलं. पुन्हा पिस्टन आणि क्रँकचं काम निघालं, ४,७०० रुपये. ते मी माझ्या मानधनातून दिले. आणि त्या दिवसापासून राजदूतचं तेल-पाणी माझ्याकडं आहे.

घरच्या घरी करण्याजोगं

यातलं कुठलंही काम अवघड नाही. शिलाई मशीनमध्ये तेल घालता येतं, मिक्सरचं भांडं उघडता येतं, तिला हे येईल.

*तेलाचं माप.* आमच्या गाडीला चाचांनी लीटरला चाळीस मिली टू-टी ऑइल सांगितलंय. तुमच्या गाडीचं माप तिच्या पुस्तकात बघा किंवा जाणत्या मिस्त्रीला विचारा. सगळ्या गाड्यांना एकच माप नसतं. अंदाजपंचे ओतू नका. मी मुलाची जुनी दुधाची बाटली घेतली, तिच्यावर मिलीच्या रेघा असतात. तिला लाल रंग फासला, म्हणजे चुकूनही कुणी ती पुन्हा दुधाला घेणार नाही. आधी तेल टाकीत, मग वरून पेट्रोल, म्हणजे छान मिसळतं. तेल जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सर चोंदतो. कमी झालं तर काय होतं, ते वर सांगितलंच.

*पेट्रोल घरात साठवू नका.* आम्ही आता ठेवत नाही. तेलाची बाटली गाडीच्या टूलबॉक्समध्येच असते, पंपावर गेलं की तिथंच मिसळायचं. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तर पेट्रोल कधीच भरू नका, लेकरं तोंडाला लावतात. आणि गाडीचं कुठलंही काम चूल, गॅस, देवाचा दिवा यांच्यापासून लांब, उघड्यावर करा.

*प्लगचा रंग.* महिन्यातून एकदा, इंजिन गार असताना प्लग काढून बघा. टोकाचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तांबूस असेल तर सारं ठीक. काळा आणि ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त जातंय. पांढरा पडला असेल तर इंजिन जास्त तापतंय, लगेच मिस्त्रीला दाखवा.

*कार्बोरेटरचे जेट.* पेट्रोल बारीक भोकांतून इंजिनात जातं, त्या भोकांच्या पितळी तुकड्यांना जेट म्हणतात. कचरा अडकला की गाडी गचके देते. आमच्या यांनी एकदा स्टोव्हची पिन घालून जेट साफ केला होता. असं करू नका. पितळ मऊ असतं, पिनेनं भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते. पेट्रोलमध्ये धुवून हवेनं फुंकून घ्यावा, एवढं पुरे.

*चेन आणि केबली.* राजदूतची चेन झाकलेली असते, म्हणून ती विसरली जाते. मधोमध बोटानं दाबली की साधारण दोन सेंटिमीटर हलावी. फार ताणलेली नको आणि लोंबती नको. क्लच आणि ब्रेकच्या केबलींत पावसाळ्याआधी आणि नंतर तेलाचे थेंब सोडा.

*गिअरबॉक्सचं तेल.* पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. एक घातलं म्हणून दुसरं झालं असं समजू नका. त्याची पातळी बघायला विसरू नका.

*सायलेन्सर.* टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये काजळी साचते आणि गाडीची ओढ जाते. मिस्त्री तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत घालतात. हे घरी करायचं झालं तर हातमोजे घालून, लेकरांना लांब ठेवून. आणि एक लक्षात ठेवा. धुण्याच्या सोड्यानं ॲल्युमिनियमचं पातेलं कसं काळं पडतं, ते आपल्याला ठाऊक आहे. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. लोखंडी सायलेन्सर सोड्यात चालेल, पण पिस्टन किंवा इंजिनाचं ॲल्युमिनियमचं डोकं कधीही नाही.

आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा: इंजिनाचा आवाज आवळला, ओढ एकदम कमी झाली की त्याच क्षणी क्लच दाबायचा. चाक मोकळं होतं, पडणं टळतं. त्या दिवशी हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

काय बदलावं, काय नाही

जुनी गाडी जशीच्या तशीच ठेवावी, असं म्हणणारे शौकीन असतात. त्यांचा मी मान राखते. पण रोजच्या वापराच्या गाडीत काही बदल चांगलेच.

पहिला बदल दिव्याचा. राजदूत मुळात सहा व्होल्टची. तिचा दिवा म्हणजे देवळातल्या समईसारखा, आणि आमच्या रस्त्याला रात्री म्हशी, बैलगाड्या, उसाच्या ट्रॉल्या! बारा व्होल्टवर नेलं की उजेड चांगला पडतो. पण हे काम अर्धवट करू नये. कॉइल, रेग्युलेटर, बॅटरी, बल्ब, हॉर्न, सारं एकदम बदलावं लागतं. नुसती बॅटरी बदलली तर सहा व्होल्टचे बल्ब त्याच रात्री उडतात.

दुसरा बदल ठिणगीचा. जुन्या गाडीत ठिणगीसाठी पॉइंट आणि कंडेन्सर असतात. ते घासतात, काळे पडतात, त्यांच्यातलं अंतर वरचेवर नीट करावं लागतं. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवता येतं. मग किकही कमी लागतात. आम्ही अजून पॉइंटच ठेवलेत. कारण पॉइंट बिघडला तर चाचा दहा मिनिटांत नीट करतात, इलेक्ट्रॉनिक डबी गेली तर नवीच आणावी लागते. ज्याच्या गावाजवळ चांगला मिस्त्री आहे त्यानं पॉइंट ठेवावेत, ज्याच्या जवळ नाही त्यानं बदलावेत.

ब्रेक लायनर, टायर आणि केबली यांत मात्र काटकसर नको. ड्रमचे ब्रेक नव्या गाडीच्या डिस्कसारखे लागत नाहीत, म्हणून वेग बेताचा ठेवायचा.

इंजिन निराळं बसवणं, चौकट कापणं, सायलेन्सर मोकळा करून दणदणाट करणं, हे करू नये. ते बेकायदाही आहे. गाडीचा रंग बदलायचा झाला तरी आर.टी.ओ.त तशी नोंद करून घ्यावी लागते.

आता नव्या पेट्रोलचं. २०२५ पासून आपल्याकडं पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते. नळी फुगते, मऊ पडते, चिरते. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आपलं मीठ पावसाळ्यात ओलं होतं तसंच. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीला आतून गंज धरतो आणि कार्बोरेटरमध्ये चिकटा बसतो. म्हणून पेट्रोलची नळी आणि वॉशर नव्या पेट्रोलला टिकणारे घाला. गाडी काही दिवस उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या. सर्वांत चांगला उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवून आणणं.

कागदांकडं दुर्लक्ष नको

इथं आमचीच हयगय नडली. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. आबांनी ती वेळच्या वेळी केली होती, २००६, २०११ आणि २०१६ ला. आबा गेल्यावर गाडी कुणाच्या नावावर करायची हे कुणाच्या ध्यानातच नाही आलं. २०२१ ला मुदत संपली तेव्हा धावाधाव झाली.

नियम असा आहे की मालक वारला तर तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं, आणि तीन महिन्यांच्या आत वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायला अर्ज करायचा. त्याचा नमुना क्रमांक ३१. मुदत वाढवायचा अर्ज नमुना २५. तो मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, विमा आणि धुराचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. शुल्क आणि पर्यावरण कर वेळोवेळी बदलतात, म्हणून जाण्याआधी विचारून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सर्व गाड्यांना महाराष्ट्रात आता उच्च सुरक्षा नंबरपाटी सक्तीची आहे, तीही बसवून घ्या. विमा मयत माणसाच्या नावावर तसाच चालू ठेवून निर्धास्त राहू नका. अपघात झाला तर तोच कागद आधी मागतात.

मैत्रिणींनो, घरातला कर्ता माणूस गेल्यावर शेत, बँक, रेशनकार्ड एवढं आपल्याला आठवतं. त्या यादीत गाडीचाही कागद लिहून ठेवा.

आणि सोडून कधी द्यावी?

प्रत्येकीनं घरची जुनी गाडी ठेवावीच, असं मी म्हणणार नाही. चौकट गंजून पोखरली असेल, कागदांचा पत्ता नसेल, इंजिनाच्या कवचाला तडा गेला असेल, किंवा जवळपास तिचं काम जाणणारा कुणी उरला नसेल, तर हौसेपायी घराचे पैसे घालू नका. आठवणीसाठी टाकीवरची पाटी काढून ठेवली तरी चालते. टू-स्ट्रोक गाडी धूर जास्त करते, हेही खरंच आहे. म्हणून आम्ही ती गावापुरती, शेतापुरती वापरतो, तेलाचं माप सांभाळतो आणि धुराची तपासणी चुकवत नाही. लांब जायचं तर दुसरी गाडी.

पण चौकट, कागद आणि मिस्त्री ही तिन्ही शाबूत असतील, तर भंगारवाल्याला ‘हो’ म्हणण्याआधी एकदा हिशेब मांडा. आमचा असा: पहिल्यांदा १६,५००, माझ्या चुकीचे ४,७००, म्हणजे २१,२००. तेवढ्यात घरात दुसरी गाडी उभी राहिली आणि माझी शाळा सुटली नाही. तेल, प्लग, केबली हा वरखर्च मी वहीत वेगळा लिहिते. घरातल्या इतर खर्चाच्या मानानं तो मला कधी डोईजड वाटला नाही.

चाचांना आता नीट दिसत नाही. त्यांच्या हाताखालचा मुलगा पॉइंटचं अंतर बसवायला शिकतोय. गेल्या खेपेला चाचा त्याला म्हणाले, “या बाईंना विचार, प्लगचा रंग कसा पाहिजे.” मी सांगितलं. बी.ए.चा निकाल लागला तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं!

सासूबाईंचं मनगट थंडीत अजून दुखतं. मी शेकायला पाणी गरम करते तेव्हा त्या काही बोलत नाहीत. पण दर रविवारी मी लाल बाटली घेऊन गाडीपाशी गेले की ओसरीवरून त्यांचा आवाज येतो, “बघितलं का गं झाकण काढून?”

बघितलं, आई, असं मी म्हणते. आणि खरोखर बघते.